नांगराची खूण

शुक्रवारी इसा टाऊनच्या जुन्या बाजारात
ऊन चढायच्या आत पोचावं लागतं.
दुरमुहम्मद चादर पसरतो:
बंद पडलेली घड्याळं, चष्म्यांच्या काड्या,
कुणाच्या तरी कपाटाच्या किल्ल्या
आणि बिस्किटांच्या डब्यात
एकमेकींत पिना अडकून बसलेली
फुलं.

तो म्हणतो, तेल कंपनीच्या मडमा गेल्या,
मागे हे राहिलं.
मडमा जाऊनही आता जमाना झाला.
मधे कुणाकुणाच्या हातांतून आलं
मी विचारत नाही,
त्यालाही ठाऊक नसतं.

मी खिशातलं भिंग काढतो.
आठवडाभर याच भिंगातून मी दाढा बघतो,
माणसं नाही, नुसते प्लास्टरचे जबडे,
नावाऐवजी नंबर लावलेले.
इथे फुलाची पाठ बघायची:
बिजागरीखाली तांदळाच्या कणीएवढा चालता सिंह
आणि शेजारी नांगर.

नांगर म्हणजे बर्मिंगहॅम, हे फार उशिरा कळलं.
त्या शहराला समुद्र नाही म्हणे.
आमच्या बार्शीला तरी कुठे आहे?
आमच्याकडे नांगर म्हटलं की माणूस खाली ढेकळं बघतो,
इथे मनामाच्या धक्क्यावर तोच शब्द
साखळीला लटकून पाण्यात जातो.
एक जमीन उलथतो,
एक जमिनीला धरून बसतो.
माझ्या वाट्याला कुठला आला
हे एकोणीस वर्षांत ठरलं नाही.

फुलांची इंग्रजी नावं मला येत नाहीत.
वहीत लिहून ठेवलंय:
शेवंतीसारखं, १९४८, दोन दिनार.
तगर, पण पाकळ्या सहा. घासाघीस केली नाही.
हे बहुधा कारळ्याचं.
हे भोपळ्याचं नक्की नाही, तरी भोपळ्याचंच.

जोबी वरच्या बंकवरून विचारतो, घालणार कोण?
कुणी नाही.
कुमुदला ब्रोच म्हणजे काय तेच माहीत नाही,
तिच्या पदराला सेफ्टी पिन पुरते,
तीही बांगडीत अडकवलेली, वेळेला सापडणारी.

नुसत्या चांदीची पाकळी उभी राहत नाही,
बोटाच्या दाबानेही वाकते.
म्हणून हजारात पंचाहत्तर भाग तांबं घालतात.
तेवढा खोट पत्करला
तरच फुलाला कणा येतो.
हे मला कुणी शिकवायला नको,
आमच्या खोलीत आठजण राहतात.

गेल्या मार्चमध्ये एक मिळालं, पाच पाकळ्यांचं,
त्यातली एक तुटलेली.
रात्रपाळीला लॅबमध्ये कुणी नव्हतं.
मेण कोरलं, शिरा काढल्या, साचा भाजला,
दातांसाठी आणलेला धातू ओतला,
मागून बारीक खिळ्याने बसवली.
इतकी नेमकी बसली की मीच हसलो.

दुरमुहम्मदने उलटसुलट करून पाहिलं,
म्हणाला, वाट लावलीस, उस्ताद.
आता हे जुनंही नाही आणि नवंही नाही.
याला गिऱ्हाईक मिळायचं नाही.
मी म्हटलं, मला विकायचंय कुठे?
पण ते लागलं.

मग उन्हाळा आला.
भिंतींना घाम सुटतो तो उन्हाळा,
एसी दोनदा बंद पडला,
डब्यातली सगळी फुलं काळवंडत गेली.
टूथ पावडरने घासायचा कंटाळा केला.
ऑगस्टमध्ये डबा उघडला तर
चार पाकळ्या तव्यासारख्या
आणि मी केलेली तेवढी चकचकीत,
कवळीतल्या दातासारखी निर्लज्ज.

त्या रात्री फोनवर कुमुदला पहिल्यांदाच डबा दाखवला.
आधी म्हणाली, काळी फुलं कशाला जमवताय?
दारात अबोली लावलीय, ती बघा.
फोन दाराकडे नेला, अंधारात काहीच दिसलं नाही.
मग म्हणाली, ते मघाचं परत धरा बरं.
मी धरलं.

बाकीचं जाऊ दे, म्हणाली,
ही एक पाकळी तेवढी
खरी चांदीची दिसते.

मी हो म्हटलं.
मग मीटरचं रीडिंग विचारलं.